आमची पद्मिनी आणि वयाचा दंड

निर्ण्यातील आमच्या घरी तीर्थरूपांनी घेतलेली पद्मिनी अद्याप धावते. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी. तिचे उत्पादन केव्हाच थांबले. ऑक्टोबर 2023 मध्ये ती मुंबईच्या टॅक्सींतूनही निवृत्त झाली. सुटे भाग आता शोधावे लागतात. तळाचा गंजलेला पत्रा आम्ही कापून नवा जोडविला. नवा म्हणून घेतलेला कार्ब्युरेटर मात्र घासूनपुसून चकचकीत केलेला जुनाच निघाला. व्यापाऱ्याने व्यापाऱ्यास फसवावे, याचे वैषम्य पैशांहून अधिक वाटले!

2025 साली केंद्र सरकारने वीस वर्षांवरील मोटारींचे नोंदणी-नूतनीकरण शुल्क 5,000 वरून 10,000 रुपये केले. पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीस 2021 च्या नियमांनी ‘विंटेज’ हा मान मिळतो. आमची त्या मानास अजून लहान. जुन्या गाडीचा धूर नव्या गाडीहून अधिक, हे आम्हांस मान्य आहे. तर मग धूर तपासा, ब्रेक तपासा, नापास झाल्यास खुशाल मोडीत घाला. पण तपासणीत उतरलेल्या गाडीस केवळ वयाचा दंड का?

असो. मागील डाव्या दाराचे रबर कोणा सभासदाजवळ असल्यास कृपया कळवावे.