कागदावर मासळी, समुद्र रिकामा



पीक वाळते शिवारात आणि पैसेवारीचा आकडा ठरतो कचेरीत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण हा खेळ फक्त कोरडवाहू शेतकऱ्याशीच होतो असे समजू नका. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. तिथल्या मच्छीमारांशी हाच खेळ झाला आणि त्यात समुद्र रिकामा झाला. ती हकीकत जिल्हा मेळाव्याआधी प्रत्येकाने वाचावी.

या बेटाभोवती कॉड नावाचा मोठा मासा अमाप होता. १४९७ साली जॉन कॅबट तिकडे पोचला, तेव्हापासून युरोपभर त्याची ख्याती झाली. पुढे साडेचारशे वर्षे माणसे गळ, दोरी आणि जाळ्यांनी तो धरत आली. मासा संपला नाही. १८८३ साली लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात थॉमस हक्सली या नामांकित शास्त्रज्ञाने सांगितले की कॉडसारखी मासळी माणसाच्या हातून संपणे शक्य नाही. त्याचे बोलणे त्या काळच्या साधनांपुरते होते. साधने बदलली, भरवसा मात्र तोच राहिला.

१९५० नंतर युरोपातून मोठे ट्रॉलर आले. हे तरंगते कारखानेच. जाळे ओढायचे, मासा जहाजावरच कापायचा, तिथेच गोठवायचा, रात्र नाही की दिवस नाही. १९६८ साली सुमारे आठ लाख टन कॉड काढला गेला. दहा वर्षांत हाच आकडा दीड लाखाच्या आत आला. १९७७ साली कॅनडाने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांचा समुद्र आपला म्हणून जाहीर केला. मच्छीमारांना वाटले, आपले दिवस आले. गोरा साहेब गेला की काळा साहेब येतो, हे आपण भोगले आहे. तिथे परदेशी ट्रॉलर गेले आणि सरकारी मदतीवर देशी कंपन्यांचे ट्रॉलर आले.

आता हिशेबाची गोष्ट. उन्हाळ्यात कॉड किनाऱ्याजवळ येतो, तो लहान होडीवाला धरतो. १९८० नंतरच्या वर्षांत होडीवाले सांगू लागले, मासा कमी येतो, आकाराने लहान येतो. १९८६ साली त्यांच्या संघटनेने स्वतः अभ्यास करवून घेऊन सरकारी अंदाज चुकल्याचे मांडले. सरकारी अंदाज कशावर बांधला होता? बराचसा ट्रॉलरच्या जाळ्यात येणाऱ्या मासळीवर. ट्रॉलरला यंत्राने मासळीचा थवा दिसतो. समुद्रात शेवटचा थवा उरला तरी ट्रॉलर नेमका तिथेच जातो आणि भरून येतो. जिनिंगच्या आवारातली कापसाची गंजी पाहून तालुक्याचे पीक सोळा आणे लिहावे, तसा हा हिशेब!

१९८९ साली सरकारी शास्त्रज्ञांनीच आकडे तपासून सांगितले की मासेमारीची मर्यादा सव्वा लाख टनांवर आणा. सरकारने ठेवली दोन लाख पस्तीस हजार. कारखाने बंद पडतील, रोजगार जाईल, ही सबब होती. २ जुलै १९९२ रोजी त्याच सरकारला कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे तीस हजार माणसांचे काम एका फटक्यात गेले. बंदी दोन वर्षांची म्हणून सांगितली, ती उठायला २०२४ साल उजाडले. उठली तीही अठरा हजार टनांच्या मर्यादेवर. दरम्यान १९९१ ते २००१ या दहा वर्षांत त्या प्रांताची दर दहांतली एक माणूस-संख्या घटली. गावे ओस पडली.

शहाणे लोक म्हणतात, गरीब अडाणी असतो, हावरा असतो, तोच निसर्ग ओरबाडतो. मग साडेचारशे वर्षे मासा टिकला कसा? होडीवाला साधुसंत होता असे आम्ही म्हणत नाही. पण घट त्याला आधी दिसली, कारण त्याची चूल त्यावर पेटत होती. आमचे भांडण शास्त्राशीही नाही. शास्त्रज्ञांचे खरे बोलणे सरकारने अर्धेच ऐकले. आमचे भांडण आहे ते सोयीचा आकडा निवडणाऱ्या खुर्चीशी. आकडा चुकला तरी त्या खुर्चीची पगाराची तारीख चुकत नाही. उपाशी राहतो तो होडीवाला.

म्हणून मेळाव्यात हा ठराव मांडत आहोत : पीक कापणी प्रयोगाची तारीख आणि प्लॉट आधी चावडीवर लागला पाहिजे. वजन गावासमोर झाले पाहिजे आणि त्याची नक्कल शेतकऱ्याला जागेवरच मिळाली पाहिजे. विहिरीखालच्या प्लॉटवरून कोरडवाहू ज्वारीचा आणि कपाशीचा आकडा काढणे बंद झाले पाहिजे.

समुद्राची मोजणी ट्रॉलरवरून झाली आणि समुद्र गेला. शिवाराची मोजणी कचेरीतून होऊ द्यायची नाही, एवढे ठरवून मेळाव्याला या.