व्हॅलेन्सियाची खरपुडी

आपल्याकडे परदेशवारीची खरी तयारी स्वयंपाकघरात होते. व्हिसा, तिकिटं ही पुरुष मंडळींची कामं. बायकांच्या डोक्यात एकच प्रश्न, तिकडे खायचं काय? आमच्या घरात तर ही तयारी दुहेरी. माझ्या माहेरचं मेतकूट आणि सासरची कडक भाकरी, शेंगाचटणी. बॅग वजनकाट्यावर ठेवली तेव्हा कपड्यांपेक्षा डबेच जास्त भरले.

यजमान टाइल तयार करणाऱ्या यंत्रांच्या कामात आहेत. २०२५ सालच्या दसऱ्याच्या सुटीत त्यांना बारा दिवस स्पेनमधल्या कास्तेयोनला जायचं होतं. हा सगळा भागच टाइलच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. मुक्काम जवळच्या व्हॅलेन्सिया शहरात. रोज सकाळी रेल्वेने कामावर जायचं, संध्याकाळी परत. लेकीला सुटी होतीच. प्रश्न होता अत्तींचा. सासूबाईंना मी त्यांच्या कन्नड रीतीप्रमाणे अत्तीच म्हणते. सासरे जाऊन आठ महिने झाले होते आणि तेव्हापासून त्यांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. आग्रह केला की "साक, साक" म्हणून ताटावर हात धरायच्या. त्यांना एकटं ठेवून जायला मन धजेना. "ना बरूदिल्ल, अल्लि ना येन तिन्लि?" असं म्हणत म्हणत शेवटी त्या विमानात बसल्या.

त्यांचा प्रश्न रास्त होता. अत्ती अंडंसुद्धा खात नाहीत आणि स्पेनमध्ये पालेभाजीतही डुकराच्या मांसाचे तुकडे पडलेले असू शकतात. पण शोधलं की सापडतं. टोमॅटो चोळलेला पाव, तळलेल्या बटाट्यावर तिखटसर सॉस, वाटलेल्या टोमॅटो-काकडीचं थंडगार गास्पाचो, हे सगळं त्यांना चाललं. बटाट्याचं जाडजूड ऑम्लेट, म्हणजे तिथला तोर्तिया, मात्र मी आणि लेकीने संपवला. एक सांगून ठेवते. नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही. "मांस नको, हॅम नको, मासा नको, मांसाचं पाणीही नको" असं एकेक सांगावं लागतं. आणि जेवायच्या वेळा आपल्याहून फार उशिराच्या. दुपारचं जेवण दोन-अडीचला, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळेला डबे कामी आले.

तिथलं ओर्चाता हे पेय अत्तींना पहिल्याच दिवशी आवडलं. दिसायला दूध, पण दुधाचा थेंब नाही. चुफा नावाचे छोटे कंद भिजवून, वाटून, गाळून त्यात साखर घालतात. आपल्या शेतात जो लव्हाळा उपटता उपटता कंबर मोडते, त्याच्याच जातकुळीतलं हे रोप. हे कळल्यावर अत्ती म्हणाल्या, "आम्ही जन्मभर उपटून टाकला, यांनी त्याचं सरबत करून विकलं!"

एका सकाळी चुरोस खायला बसलो होतो. सोऱ्यातून पाडून तळलेल्या पिठाच्या कांड्या, दाट चॉकलेटमध्ये बुडवून खायच्या. टेबलावर साखरेच्या पुड्या होत्या. त्यावर दोन भाषांत लिहिलेलं. व्हॅलेन्सियात स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियन भाषाही चालते. १९८२ पासून दोन्ही अधिकृत आहेत. रस्त्यांच्या पाट्या पाहाव्यात तर आपल्याकडच्यासारख्याच, एकाच गोष्टीला दोन नावं. लेकीने पुडी वाचून दाखवली, स्पॅनिशमध्ये अथूकार, व्हॅलेन्सियनमध्ये सुक्रे. अत्ती एकदम म्हणाल्या, "अय्य, इदु नम्म सक्करीन ऐति!"

खरंच आहे ते. संस्कृत शर्करा अरबांच्या तोंडी सुक्कर झाली आणि त्यांच्याबरोबर स्पेनला गेली. आपल्याकडे मराठीत साखर, कन्नडमध्ये सक्करे. नारंगही असंच प्रवास करत तिथे नारान्हा झालं. १२३८ साली राजा हाउमेने जिंकून घेईपर्यंत व्हॅलेन्सियावर काही शतकं मुसलमान राजवट होती. भात, ऊस, नारिंग यांची शेती आणि पाण्याचे पाट ही त्या काळाची देणगी. त्या दिवसापासून अत्ती दुकानांच्या पाट्या वाचायला लावू लागल्या. आणखी एखादा आपला शब्द सापडतो का म्हणून!

गुरुवारी बारा वाजता आम्ही कॅथेड्रलच्या दारात उभ्या होतो. तिथे दर गुरुवारी पाण्याचं न्यायालय भरतं. काळे डगले घातलेले शेतकरी गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. तुरिया नदीच्या पाटांवरच्या शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले हे पंच. कुणी पाळी मोडली, पाणी चोरलं, पाट साफ केला नाही, तर तक्रार इथे येते. वकील नाही, कागदांचा भारा नाही. तोंडी आणि तेही व्हॅलेन्सियन भाषेत काम चालतं आणि निकाल तिथल्या तिथे. शेकडो वर्षांच्या या परंपरेला २००९ साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. आम्ही गेलो त्या दिवशी एकेका पाटाचं नाव पुकारलं गेलं, तक्रार कुणाचीच नव्हती आणि पाच मिनिटांत पंच उठले. लेक हिरमुसली. अत्ती मात्र बराच वेळ त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिल्या. सासऱ्यांची जमीन गोकाककडे घटप्रभेच्या कालव्यावर. पाण्याच्या पाळीसाठी ते रात्र रात्र कंदील घेऊन बांधावर बसत. अत्ती हळूच म्हणाल्या, "त्यांना हे दाखवायला हवं होतं." आठ महिन्यांत सासऱ्यांचा विषय त्यांनी आपणहून पहिल्यांदाच काढला. म्हादईच्या पाण्याचा लवाद २०१० साली नेमला आणि निवाडा यायला २०१८ उजाडलं, हे आपण सगळे जाणतो. नदीचं भांडण आणि पाटाचं भांडण यांत फरक आहे, हेही कळतं. तरी हेवा वाटलाच.

त्याच तुरियाने १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये शहर बुडवलं होतं. ऐंशीच्या वर माणसं गेली. मग नदी वळवून शहराच्या दक्षिणेने नेली आणि जुन्या पात्रात लांबच लांब बाग केली. लेक तिथे सायकल चालवून दमली. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात या नव्या पात्राने मूळ शहर वाचवलं, पण पलीकडच्या गावांनी फार सोसलं. जिल्ह्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं दगावली. बागेत हिंडताना हे विसरता येत नाही.

रविवारी यजमानांना सुटी. बसने आल्बुफेरा सरोवराकाठच्या एल पाल्मार गावी गेलो. चहूकडे भातखाचरं, नुकतीच कापणी झालेली. पाएया इथलीच. पाएया हे मुळात भांड्याचं नाव, पसरट, दोन कानांचं. मूळ पाकृतीत कोंबडी आणि ससा असतो. आम्ही आदल्या दिवशीच सांगून भाज्यांची करून घेतली. शेंगा, टोमॅटो, केशर आणि चक्क आपली डबल बी! तांदूळ आखूड दाण्याचा, भरपूर पाणी पिऊनही न फुटणारा. एकदा घातला की ढवळायचा नाही. रीतीप्रमाणे सगळ्यांनी भांड्यातूनच आपापल्या बाजूने खायचं. अत्ती म्हणाल्या, "एंजलु नको," म्हणून आम्ही ताटल्या मागितल्या. त्याही हसत हसत आल्या.

तळाला भाताचा खरपूस थर लागतो, सोकारात. तो लागला नाही तर पाएया बिघडली असं तिथले लोक मानतात. अत्तींनी पहिली ताटली संपवली, दुसरी घेतली. मग चमचा उलटा धरून भांड्याचा तळ खरवडायला लागल्या. यजमान आणि मी एकमेकांकडे बघितलं, बोललो काहीच नाही. "तुमचे मामंजी लहानपणी खरपुडीसाठी भावाशी भांडायचे म्हणे," अत्ती सांगू लागल्या आणि परतीच्या बसमध्येही सांगतच होत्या.

शेंगाचटणीचा एक डबा तसाच परत आला. आता महिन्यातून एकदा आमच्या लोखंडी कढईत डबल बी आणि केशर घालून भात शिजतो. तांदूळ जाडच घ्यावा, बासमतीला ती चव नाही. ढवळू नये, आणि शेवटची पाच मिनिटं आच थोडी वाढवावी. खरपुडी अत्ती सगळ्यांना सारखी वाटतात. स्वतःचा वाटा मात्र आधी काढून ठेवतात.