औषध बदला, पण हिशेबाने

कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन सोसेनासे झाले, की डॉक्टर त्याच वर्गातले दुसरे वेदनाशामक (ओपिऑइड) देतात. हा बदल ‘ही गोळी बंद, ती सुरू’ इतका सरळ नसतो. जुन्या औषधाला सरावलेले शरीर नव्याला तितके सरावलेले नसते. म्हणून समतुल्य डोसच्या तक्त्यानुसार येणारा डोस सहसा २५ ते ५० टक्के घटवून सुरुवात करतात. फेंटॅनिल या ओपिऑइडचा पॅच त्वचेवर लावल्यावर गुण यायला १२ ते २४ तास लागतात. तेवढ्यात धीर सुटून परस्पर दुसरा पॅच चिकटवणे जिवावर बेतू शकते. भारतात अमली पदार्थ कायद्यातील २०१४च्या दुरुस्तीने मॉर्फिनच्या परवान्यांची कटकट कमी केली. आता ही औषधे घरी सुरक्षितपणे वापरता यावीत म्हणून डॉक्टरांनी डोस, वेळ आणि धोक्याच्या खुणा मराठीत लिहून द्याव्यात. अतिगुंगी किंवा मंदावलेला श्वास दिसताच घरच्यांनी तडक रुग्णालय गाठावे.