धूर वर जातो, गॅस खाली बसतो

गेल्या पावसाळ्यात भालकीला मावशीकडे गेलो. दारातच नाकात सडक्या कांद्याचा वास भरला. मावशी म्हणाली, "उंदीर मेला असंल कुठंतरी. सकाळी लई येत होता, आता गेला बघ." वास गेला नव्हता, तिचं नाक त्याला सरावलं होतं.

तेव्हापासून भेटेल त्याला हे सांगतो. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे घाण वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. १९३७ मध्ये टेक्सासच्या न्यू लंडन गावात बिनवासाचा गॅस शाळेखाली साठला. स्फोटात सुमारे ३०० जीव गेले, बहुतेक मुलंच. मग तिथं गॅसला वास देणं सक्तीचं झालं. इतक्या मोलाची ही खूण, पण घरातल्या माणसाला ती थोड्या वेळात जाणवेनाशी होते. सर्दी असली, वय झालं की आणखी लवकर. म्हणून बाहेरून आलेलं माणूस 'वास येतोय' म्हणालं, तर त्याचंच खरं धरावं.

त्या दिवशी मावशी वर छतातल्या झरोक्याकडे बोट दाखवत होती. "साणं उघडं हाय की, हवा खेळतीय." आपल्या बीदर-कलबुर्गीकडची जुनी माळवदं चुलीच्या हिशेबानं बांधलेली. धुराची वाट वर. टाकीतला हा गॅस मात्र हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड. शहाबादी फरशीवरून पाण्यासारखा पसरतो आणि वीतभर उंबरठ्याआड साचतो. मी ओट्याखाली वाकलो तसा वास वाढत गेला. हवेत शंभरात दोन भाग गॅस झाला तरी ठिणगी पुरते.

तेवढ्यात मावशीनं काडीपेटी घेतली. नळीपाशी काडी ओढून बघायची तिची जुनी रीत! मी हात धरला. रेग्युलेटर बंद करून काढला, टाकीवर दोरीला लोंबणारी टोपी दाबून बसवली, पुढचं-मागचं दार उघडलं. देवापुढचा दिवा आधीच शांत झाला होता. लाईट गेलेली होती, म्हणून बाहेर ओसरीतला मेन स्विच पाडला. नाहीतर लाईट येताच फ्रिज आपोआप सुरू झाला असता. लाईट असती तर कुठल्याच बटणाला हात लावायचा नव्हता, बंद करायलासुद्धा. बटणात ठिणगी पडते.

रस्त्यावर येऊन १९०६ ला फोन लावला. आलेल्या माणसानं नळीला साबणाचा फेस लावला. ओट्यामागे नळीच्या बारीक भेगेतून मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगत होते. केशरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. हिच्यावरचं साल पुसून गेलेलं. गेल्या खेपेला टाकी लवकर संपली, हे मावशीला तेव्हा आठवलं.

नवी नळी बसली. तरी आता दूध घालायला येणाऱ्या पोराला ती रोज उंबरठ्यावर थांबवते. "आत ये, वास घेऊन सांग रे बाळा."