बाळंतिणीची कंबर ‘दुखतेच’ म्हणणाऱ्यांनो, ऐका!

सडक अर्जुनीच्या बांध्यांत रोवणी लागली की दीड-दोन महिन्यांची बाळंतीणही चिखलात उतरते. दिवसभर वाकून परे लावते. रात्री कूस वळताना ओटीपोटाखालच्या हाडात कळ जाते. सांगितलं तर घरचे म्हणतात, ‘बायकांचं दुखतंच.’ दवाखान्यातही पुष्कळदा हेच ऐकून, दोन गोळ्या घेऊन ती परत येते.

या ‘दुखतंच’नं बायकांचं वाटोळं केलं आहे.

कटीच्या हाडांना समोर एक आणि मागे, कण्याच्या तळाशी, दोन सांधे असतात. गरोदरपणात ते सैलावतात. समोरच्या सांध्यातली फट एरवी चार-पाच मिलिमीटर असते, गरोदरपणात दोन-तीन मिलिमीटर वाढते. 10 च्या पुढे गेली तर सांधा उसवला असं डॉक्टर मानतात. साधारण दर पाचव्या गरोदर बाईला या सांध्यांचं दुखणं होतं. बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही महिन्यांत थांबतं. उरलेल्यांचं काय?

‘आमच्या आज्या लगेच शेतात जात,’ असं मोठ्या अभिमानानं सांगतात. जात होत्या. त्यांतल्या किती जन्मभर वाकून चालल्या, हे कुणी मोजलं? शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या. 1989 साली छापलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. सांध्यांचा हिशेब तर त्यात नव्हताच.

दुसरे शहाणे भुलीच्या सुईवर खापर फोडतात. सुई कधी न टोचलेल्या बाळंतिणीही याच दुखण्यानं कण्हतात, त्याचं काय?

‘आराम परवडत नाही,’ हे मात्र खरं आहे. कायद्यानं नोकरदार बाईला 2017 पासून 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. मजूर बाईला पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये मिळतात. तेवढ्याच दिवसांवर वाटले तर दिवसाला 27 रुपये! एवढ्यावर रोवणी कोण सोडेल?

पण निदानाला यंत्र लागत नाही. बाईला उताणं झोपवून, गुडघा न वाकवता एकेक पाय वीतभर उचलायला सांगा. पाय जड झाला, कळ आली आणि दोन्ही बाजूंनी कटी दाबून धरल्यावर सोपं गेलं, तर सांध्यांवर संशय घ्यावा. पोटाला गुंडाळलेलं लुगडं इथे पुरत नाही. पट्टा खाली, कटीच्या हाडांवर बसावा लागतो, आणि सोबत शिकवलेला व्यायाम. ताप असेल, पाय बधिर होत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई 42 दिवसांत सहा वेळा येते. बाळंतपणानंतरच्या प्रत्येक भेटीत पाठदुखी विचारावी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा: प्रत्येक भेटीत आईची कंबर विचारली जावी, आणि तालुक्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारा माणूस मिळावा.