कड्या काढणे ही दुरुस्ती नव्हे

पावसाळा सुरू झाला की शाळेच्या सायकल स्टँडवर करकरणाऱ्या आणि चेन पडलेल्या सायकली वाढतात. येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव अशा गावांतून बेळगावला येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हा प्रश्न किरकोळ नाही. सायकल बंद म्हणजे पहिला तास बुडाला. कर्नाटक शासनाने २००६-०७ साली सुरू केलेल्या योजनेतून आठवीत मिळालेली सायकल असो वा घरच्यांनी घेतलेली, आपल्याकडे ती थोरल्याकडून धाकट्याकडे जाते. ही काटकसर चांगलीच. पण सायकलबरोबर झिजलेली चेनही धाकट्याच्या वाट्याला येते, याकडे आम्हांला पालकांचे लक्ष वेधायचे आहे.

चेन सैल झाली की आपण मागचे चाक थोडे मागे ओढून घेतो. ओढायला जागा उरली नाही की मिस्त्रीला सांगून कड्या काढून घेतो आणि काम झाले असे समजतो. आमच्या मते चुकते ते इथेच. चेन रबरासारखी ताणली जात नाही. प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीचे भोक झिजते. शंभरएक सांध्यांची ती बारीक झीज एकत्र होऊन चेन लांबते. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या पालकांना हे सांगायला नकोच. कड्या काढल्याने चेन आखूड होते, पण उरलेल्या पिनांमधले वाढलेले अंतर तसेच राहते. ते दात्यांशी जुळत नाही. चेन दात्यांच्या टोकाकडे चढते आणि त्यांना खाऊ लागते.

मग चेन कधी बदलावी? विद्यार्थी मित्रहो, ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. चेनकव्हर आड येत असेल तर मिस्त्रीकडून काढून घ्या. पायडलवर हलका दाब देऊन चेन ताठ करा आणि एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या विसाव्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. दोन पिनांमध्ये अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर अंतर असते. म्हणून नव्या चेनचे हे माप बरोबर २५.४ सेंटिमीटर भरते. गिअरच्या सायकलीत ते एक-सव्वा मिलिमीटरने वाढले की चेन बदलावी. साध्या सायकलीत दोन मिलिमीटरपर्यंत चालवून घेता येते. अडीच मिलिमीटर वाढ म्हणजे शेकडा एक झीज, त्यापुढे थांबू नये.

वेळेवर चेन बदलली तर फ्रीव्हील आणि चेनव्हील वाचतात. त्यांत फ्रीव्हील आधी जाते. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर मागच्या प्रत्येक दात्यावर चेन जवळजवळ अडीचपट वेळा बसते. दाते एका बाजूला वाकल्यासारखे, टोकदार दिसू लागले की फ्रीव्हील संपले. अशा फ्रीव्हीलवर नवी चेन घातली तर ती जोर देताच घसरते. तेव्हा दोन्ही एकदम बदलावीत आणि चेनव्हीलचे दातेही पाहून घ्यावेत.

काही पालक म्हणतात, सगळे पूर्ण झिजू द्यावे आणि एकदाच बदलावे. साध्या सायकलीला तेच स्वस्त पडते. हिशेब अगदीच चुकीचा नाही. पण त्यात एक गोष्ट धरलेली नसते. झिजलेली चेन सपाट रस्त्यावर निमूट चालते आणि चढावर मूल उभे राहून पायडल मारू लागले की घसरते. पाय एकदम खाली जातो, हँडल वळते आणि मागून वाहन येत असते. नव्या चेनचा खर्च या धोक्याशी ताडून पाहावा.

झीज लांबवणेही आपल्या हाती आहे. तांबड्या मातीचा चिखल चेनवर वाळू देऊ नये. फडक्याने पुसून सांध्यांत थोडे तेल सोडावे आणि वरचे जादा तेल टिपून घ्यावे. गाडीचे जळके ऑईल वापरू नये. त्यातले धातूचे कण सांधे घासतात.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे, की जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर असा वर्षातून दोनदा ‘सायकल तपासणी दिवस’ ठेवावा. मापे आठवी-नववीच्या मुलामुलींनीच घ्यावीत. शेकडेवारीचा धडा त्यातून आपोआप होईल. प्रत्येक सायकलीचे माप वहीत नोंदवावे आणि पालकांना चिठ्ठीने कळवावे. ज्या घराला चेनचा खर्च जड जातो, तिथे गरजू विद्यार्थी निधीतून मदत व्हावी. गणवेश आणि वह्यांसाठी आपण मदत करतोच. मुलाला शाळेपर्यंत सुखरूप आणणारी चेनही त्याच यादीत यावी, असे आम्हांला वाटते.