विश्लेषण : उपग्रहाला पिकाचे उत्पादन खरेच दिसते का?

पीक विम्याची भरपाई ठरवताना उपग्रहांच्या मदतीने काढलेल्या अंदाजाला आता अधिकृत स्थान आहे. आकाशातून पीक मोजतात कसे आणि ढगाळ खरिपात ते मोजमाप कितपत भरवशाचे?

चर्चा कशामुळे?

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन ‘उंबरठा उत्पादना’पेक्षा जितके घटेल, त्या प्रमाणात भरपाई मिळते. हे सरासरी उत्पादन पीक कापणी प्रयोगांतून काढले जाते. शेतातील ठरावीक तुकड्यातले पीक कापून, मळून त्याचे वजन केले जाते. २०२३ पासून केंद्राने त्याला ‘येस-टेक’ या तंत्रज्ञानाधारित पद्धतीची जोड दिली. भात आणि गव्हापासून सुरुवात झाली, नंतर सोयाबीन आले. या अंदाजाला किमान ३० टक्के भार असतो. मध्य प्रदेशाने तर पूर्णपणे तंत्रज्ञानाचा आधार घेतला आहे. महाराष्ट्रातही ही पद्धत लागू आहे. शिवाय २०२५ च्या खरिपापासून राज्याने स्थानिक आपत्तीसारखे इतर निकष वगळल्याने उत्पादनाच्या आकड्याचे महत्त्व वाढले.

उपग्रह नेमके काय टिपतो?

पिकावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. हिरव्या पानातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, तर पानाची अंतर्गत रचना डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतवते. या दोहोंतील फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की ‘एनडीव्हीआय’ हा निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, ५० टक्के अवरक्त आणि ५ टक्के लाल प्रकाश परतला, तर निर्देशांक ०.८२ येतो, म्हणजे रान दाट हिरवे. उघड्या जमिनीवर हाच आकडा ०.१ च्या आसपास राहतो. हंगामभराच्या अशा नोंदी, हवामानाची माहिती आणि पिकाच्या वाढीची गणिती प्रारूपे एकत्र करून उत्पादनाचा अंदाज बांधला जातो. म्हणजे उपग्रह क्विंटल मोजत नाही. तो प्रकाश मोजतो.

एका ठिपक्यात किती जमीन?

युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांच्या प्रतिमेतील सर्वांत लहान ठिपका १० मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळपास एक गुंठा. अमेरिकेच्या ‘लँडसॅट’चा ठिपका ३० मीटरचा, सुमारे नऊ गुंठ्यांचा. चौकोनी एकराची बाजू साधारण ६४ मीटर असते. त्यामुळे लँडसॅटच्या प्रतिमेत अशा शेतावर जेमतेम चार ठिपके बसतात आणि त्यांतही बांध, झाडे, शेजारचे पीक मिसळते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतील तर गुंता आणखी वाढतो. ड्रोन काही सेंटिमीटरपर्यंतचा तपशील देतो. पण त्याने संपूर्ण जिल्हा वारंवार टिपणे खर्चिक आणि वेळखाऊ ठरते.

ढग आल्यावर काय?

सेंटिनेल-२ ची जोडी साधारण पाच दिवसांनी त्याच जागेवर येते. पण तिचे कॅमेरे ढगांपलीकडे पाहू शकत नाहीत. ऐन पावसाळ्यात म्हणूनच रडार उपग्रह लागतात. ते स्वतः सूक्ष्मलहरी सोडून परतणारा संकेत नोंदवतात; ढग आणि रात्र त्यांना अडवत नाही. साचलेले शांत पाणी लहरी दुसरीकडे परावर्तित करते, त्यामुळे प्रतिमेत ते काळे दिसते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला नासा-इस्रोचा ‘निसार’ याच प्रकारातला आहे. तो १२ दिवसांत जवळपास सर्व भूभाग दोनदा टिपतो. मात्र दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी चढून ओसरले, तर ते त्याच्या नजरेतून सुटू शकते.

रान हिरवे म्हणजे शेंगा भरल्या?

तसे नाही, आणि हीच या पद्धतीची सर्वांत नाजूक बाजू आहे. जास्त पावसाने सोयाबीनची नुसती कायिक वाढ होते, फुले गळतात, शेंगा कमी लागतात. वरून पाहता रान हिरवेगार असते. शिवाय पानांनी जमीन पूर्ण झाकली की निर्देशांक फारसा वाढत नाही, त्यामुळे चांगले आणि मध्यम पीक यांतला फरक पुसट होतो. काढणीच्या तोंडावर भिजून शेंगांना कोंब फुटले, तर तेही हिरवाईच्या मोजमापात उमटत नाही.

मग उपयोग कशासाठी?

कापणी प्रयोग मोजक्या शेतांतच होतात. जागेची निवड आणि नोंदींवरून वादही होतात. उपग्रह मात्र प्रत्येक शेत एकाच मापाने पाहतो आणि मंडळाची सरासरी काढताना एकेका ठिपक्यातील चुका काही प्रमाणात भरून निघतात. पण प्रारूप बरोबर आहे की नाही, हे ताडून पाहायला कापून, मळून, तोललेले धान्यच लागते. प्रयोगांची संख्या घटवली तर ही कसोटीच कमकुवत होते. मंडळाचा आकडा कोणत्या तारखांच्या प्रतिमांवरून आला आणि त्यापैकी किती ढगाळ होत्या, हे जाहीर झाले तरच शेतकऱ्याला त्यावर आक्षेप घेता येईल.